मासळीच्या पाटीपासून तिवराच्या मुळापर्यंत: उत्क्रांती आणि वर्गीकरण लिहिताना या चुका टाळा

हर्णैच्या लिलावात बांगडा, कोळंबी, माकुल, कुर्ल्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात आणि सगळ्याला मिळून नाव एकच, मासळी. गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. पण हीच पाटी डोळ्यांसमोर ठेवून मुलं वर्गीकरणाचं उत्तर लिहायला बसतात आणि तिथेच घोळ होतो. वर्गीकरणात विचारायचं ते नातं. राहायला कुठे आहे, दिसतं कसं आणि खायला कसं लागतं, हे सगळं नंतर.

त्या पाटीत मासा एकच आहे, बांगडा. कोळंबी आणि कुर्ली संधिपाद: बाहेरून कवच, पायांना सांधे, पाठीचा कणा नाही. माकुल मृदुकाय, म्हणजे तिसऱ्या, कालवं या शिंपल्यांच्या घरातलं. पटत नसेल तर माकुल साफ करताना आतून निघणारी पारदर्शक, प्लास्टिकच्या पट्टीसारखी काडी टाकून देऊ नका, हातात घेऊन बघा. माकुलाच्या पूर्वजांना बाहेरून कवच होतं. ते आत गेलं, पातळ झालं, त्याचं उरलेलं रूप ही काडी. कणा नसलेल्या या प्राण्यापेक्षा बांगड्याचं तुमच्याशी नातं जवळचं आहे.

आता मुशी (शार्क) आणि पाकट (रे). त्यांचा सांगाडा कूर्चेचा, आणि कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात. बांगड्याच्या कल्ल्यांवर हाडाचं झाकण असतं, तेच आपण ताजेपणा बघायला उचलतो. शालेय उत्तरात दोघांना मत्स्य वर्गात घालतात, तसंच लिहा, मार्क त्यालाच आहेत. पण नात्याने बघाल तर बांगडा मुशीपेक्षा माणसाला जवळचा, कारण हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्याच एका जुन्या फांदीतून पुढे चार पायांचे प्राणी आले. हे वाचून दचकायला होतं, आणि दचकायला हवंही.

हलव्याला काळं पापलेट म्हणतात, मात्र तो पापलेटाच्या कुलातला नाही. चपट्या अंगावर जाऊ नका.

‘डॉल्फिन मासा’ हा शब्द तारकर्लीच्या बोटींवर ऐकू येतो, पेपरातही उतरतो. शेपटी बघा. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी, ती वर-खाली हलते, कारण त्याचा कणा धावणाऱ्या चौपायांसारखा वर-खाली वाकतो. त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते, आणि आज हयात असलेल्यांत त्याच्या गोताला सगळ्यांत जवळचा पाणघोडा. या बाबतीत तुम्ही एकटे चुकत नाही: वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1735 मध्ये देवमाशांना माशांतच घातलं होतं, 1758 च्या आवृत्तीत सस्तन वर्गात हलवलं.

निवटा बेडूक होणार नाही

ही चूक सगळ्यांत चिवट, म्हणून जरा थांबू या. ओहोटीला खाडीच्या चिखलात डोळे वर काढून बसलेले, पुढच्या परांवर कुबड्यांसारखा भार देत सरकणारे निवटे, म्हणजे चिखलातले छोटे मासे, तुम्ही पाहिले असतील. ओल्या त्वचेतून श्वास घेतात, पाण्याबाहेर बराच वेळ राहतात. मग उत्तरात येतं: ‘निवटा हा मासा आणि उभयचर यांना जोडणारा दुवा आहे.’ नाही. मासे जमिनीकडे वळू लागले ती गोष्ट साधारण 37 ते 38 कोटी वर्षांपूर्वीची. कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीर बेटावर 2004 मध्ये सापडलेला टिकटालिक या माशाचा जीवाश्म त्या काळातला. त्याच्या परांत खांदा, कोपर, मनगट यांच्याशी जुळणारी हाडं आहेत. निवटा मात्र बांगड्यासारखाच काड्यांच्या परांचा मासा, गोबी गटातला. त्याने चिखलावर येण्याची वाट वेगळी आणि फार उशिरा धरली.

भावकीच्या हिशोबात सांगायचं तर निवटा आपला लांबचा चुलत. चुलत्याच्या मुलाला आजोबा म्हणायचं नसतं. ‘माणूस माकडापासून झाला’ या वाक्यातही हीच गडबड: चिंपांझी आणि माणूस यांचा पूर्वज एक होता, तो ना आजचा चिंपांझी होता ना आजचा माणूस.

‘गरज पडली म्हणून’

तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. ‘झाडाला श्वास घ्यायला त्रास होत होता म्हणून त्याने मुळं वर काढली’, असं लिहिलंत की उत्तर लामार्ककडे, म्हणजे गरजेप्रमाणे सजीव बदलतात असं मानणाऱ्या जुन्या शास्त्रज्ञाकडे गेलं. डार्विनची मांडणी (1859) अशी: पूर्वजांच्या रोपांत मुळांचे थोडेथोडे वेगळे प्रकार होते. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात ज्यांची मुळं हवेपर्यंत पोचली ती जास्त जगली, त्यांचं बी जास्त रुजलं, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. एकटं झाड उत्क्रांत होत नाही, समूह होतो. उत्तरात ‘पिढी’ हा शब्द कुठेच नसेल तर ते परत वाचा.

कांदळवनातली सगळी झाडं एका कुलातली, ही मासळीच्या पाटीचीच जुळी चूक. तिवर हा कोरांटी-अडुळशाच्या कुलातला. चिप्पी मेंदी आणि डाळिंबाच्या. (पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, एका मार्काला विचारू शकतात.) कांदळाचं कुल तिसरंच. तरी श्वसनमुळं तिवरालाही आहेत आणि चिप्पीलाही: अडचण एक, उपाय वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे निघाला. मिठाचा प्रश्न मात्र तिवर आणि कांदळ यांनी वेगवेगळा सोडवला. तिवराचं पान चाटून बघा, खारट लागेल, कारण ते मीठ पानांतून बाहेर टाकतं. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. म्हणून एकाच लक्षणावरून कुल ठरवू नका. फूल, फळ, बी बघा.

उलट, दिसायला दूरचे नातेवाईकही असतात. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुलातले. आंब्याच्या चिकाने ओठ भाजतो, काजूच्या टरफलाच्या तेलाने हात सोलतो, बिब्बा उततो, ते उगीच नाही.

किरकोळ पण मार्क खाणाऱ्या दोन गोष्टी. हापूस, पायरी, रायवळ या शास्त्रीय अर्थाने वेगवेगळ्या जाती (species) नव्हेत, सगळे मँगिफेरा इंडिका. हापूसचं कलम तर मूळ झाडाची जनुकीय प्रतच. आणि शास्त्रीय नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांना वेगवेगळी अधोरेखा द्या, एकसलग रेघ ओढू नका. इंग्रजीत लिहाल तेव्हा पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान.