कॅमेऱ्याचा पट्टा मानेत नको, खांद्यावरून तिरका घाला

कॅमेऱ्यासोबत येणारा पट्टा बहुधा अरुंद असतो. दीड-दोन किलोचं ओझं तासभर मानेवर राहिलं की तो रुततोच. साधारण 4 सेंटीमीटर रुंदीचा घ्या आणि डाव्या खांद्यावरून तिरका घाला. कॅमेरा उजव्या कमरेशी राहतो आणि उजवा हात खाली सोडला की थेट ग्रिपवर पडतो. निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या मऊ कापडाचा, ताणणारा पट्टा मऊ वाटतो खरा, पण पावलागणिक कॅमेरा हिंदकळतो. जड लेन्सला तो नकोच.

घात होतो तो बकलापाशी. पट्ट्याचं टोक कॅमेऱ्याच्या कडीतून ओवून आधी छोट्या लूपमधून परत घ्या, मग बकलाच्या दोन्ही खाचांतून, असं की टोक आतल्या बाजूला दबून राहील. किमान 5 सेंटीमीटर शेपूट सोडा आणि कॅमेरा लटकवण्याआधी पट्टा जोरात ओढून पाहा. तळाच्या पाव इंची स्क्रूवर बसणारा पट्टा असेल, तर चालताना तो स्क्रू हळूहळू सैल होतो. अधूनमधून बोटांनी चाचपा. लेन्सला ट्रायपॉड कॉलर (ट्रायपॉडवर बसवण्यासाठी लेन्सभोवती असलेली कडी) असेल तर पट्टा तिथंच अडकवा, म्हणजे माउंटवर, लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या जागी, ताण येत नाही.