परत परत येणारे पान

ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी अनोळखी शोधपान येऊ लागले आणि सेटिंग बदलली तरी संगणक पुन्हा सुरू केल्यावर तेच पान हजर होई, तेव्हा एका फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसोबत काहीतरी आत शिरले असावे, अशी शंका मला आली. (‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलो, ही चूक माझीच.) ब्राउझरला जोडलेले संशयास्पद एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) काढूनही भागले नाही. अखेर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, दर लॉगिनला चालणारी, अर्थहीन अक्षरांच्या नावाची नोंद सापडली. पान परत आणणारी तीच होती. ती नोंद आणि कन्व्हर्टर काढून टाकल्यावर मी विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन केले, कारण ते नेहमीच्या विंडोजबाहेर चालत असल्याने दडलेल्या प्रोग्रामला स्वतःला वाचवणे अवघड जाते. त्यात आणखी दोन फाइली पकडल्या गेल्या. पासवर्ड मात्र मी दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरूनच बदलले.