माझा साप झोपलाय

लहान मुलांना योग शिकवायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन मला मे महिन्यात हमखास येतात. मेमध्येच का, तेही उघड आहे. २१ जून तोंडावर आलेला असतो आणि बालवाड्यांना एका दिवसापुरत्या 'योगावाल्या ताई' हव्या असतात. २०१५ पासून दरवर्षी हे चालू आहे. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या मध्याला, म्हणजे योग दिन येतो तेव्हा छोट्या गटातली निम्मी पोरं अजून आईच्या नावानं रडत असतात. त्यांना रांगेत बसवून, हात जोडायला लावून फोटो काढायचा. मी पहिली दोन वर्षं हे केलं, पैसेही घेतले. तुम्ही करू नका. फारच गळ घातली तर सांगा, जुलैत येते.

ताडासन, वृक्षासन, मार्जरासन तुम्हाला येतात हे मी धरूनच चालते. मुलांशी बोलता येतं, शेंबूड पुसता येतो, हेही धरते. त्यामुळे आसनांची यादी इथं देत नाही. मी जिथं तोंडावर आपटले तेवढंच सविस्तर सांगते, कारण तिथं मला कुणी अडवलं नव्हतं.

मी एका पतसंस्थेत सहा वर्षं कारकुनी केली. मग योगशिक्षकाची पदविका घेतली. त्या अख्ख्या अभ्यासक्रमात लहान मुलांवर एकच तास होता आणि त्याचं सार एका वाक्याचं: 'मुलांना गोष्टीतून शिकवा.' मी ते शब्दशः घेतलं. जंगलाची गोष्ट लिहिली, तिच्यात चौदा आसनं ओवली. झाड आलं की वृक्षासन, मांजर आली की मार्जरासन, तळ्याकाठी मंडूकासन, फुलपाखरू, साप. वहीत रंगीत पेनानं लिहिलेली ती गोष्ट अजून माझ्याकडे आहे.

एका बालवाडीत सकाळचा वर्ग मिळाला. साडेतीन ते सहा वयाची सतरा मुलं. मी पुढे उभी राहायचे, म्हणायचे, "आता आपण साप होऊ या," पालथी पडायचे, छाती उचलायचे. समोर सतरा साप फणा काढायचे. अडीच महिने असं सुरळीत चाललं. पालक खूश, बाई खूश. मी तर स्वतःवर फारच खूश.

मग एके दिवशी चार वर्षांचा एक मुलगा भुजंगासनाच्या वेळी गाल फरशीला लावून पडून राहिला. मी म्हटलं, "मान वर कर बाळा." तो म्हणाला, "माझा साप झोपलाय."

यावर मी काय बोलले ते सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, "नाही नाही, आपला साप फणा काढतोय. बघ माझ्याकडे." त्यानं बघितलं आणि मान वर केली. त्या दिवशी पुढचा सगळा वेळ तो फक्त माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मदतनीस मावशींनी मोबाईलवर काढलेला त्या वर्गाचा व्हिडिओ बघत बसले होते. मार्जरासनात पाठ वर कमानदार झाली की डोकं खाली, दोन हातांच्या मध्ये सुटायला हवं. माझ्या वर्गात एकाही मुलाचं डोकं खाली नव्हतं. पाठ उचललेली, मान ताणून वर. कारण डोकं खाली घातलं तर ताई दिसत नाही! भुजंगासनातही तेच. मी उभी राहून सूचना देत होते, म्हणून सगळ्यांच्या हनुवट्या छताकडे आणि मानेच्या मागे घडी पडलेली. वृक्षासनात मी उजवा पाय उचलला की समोरची अर्धी मुलं आरशासारखा डावा उचलत आणि मग घाबरून बदलताना पडत. म्हणजे कल्पना तर गेलीच होती, आसनही बिघडत होतं, आणि दोन्हींचं कारण एकच. पुढे उभी राहून करून दाखवणारी मी.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो सापळ्यासारखा दिसत नाही. वर्ग शिस्तीत दिसतो, व्हिडिओ छान येतो. गोष्ट चालू असते म्हणून आपल्याला वाटतं, मुलं कल्पनेत रमली आहेत. खरं तर गोष्ट आपणच सांगत असतो, आपणच करत असतो आणि मुलं आपली नक्कल करत असतात. नक्कल डोळ्यांनी होते. समोरच्या बाईचा हात कुठं आहे ते बघायचं आणि आपला तिथं न्यायचा. साप व्हायचं असेल तर मात्र अंगालाच शोधावं लागतं. हात नाहीत असं धरून पुढे कसं सरकायचं? पोटानं की कोपरांनी? बीळ अरुंद असेल तर खांद्यांचं काय करायचं? आपलं अंग कुठं आहे आणि किती जोर लावायचा, हे न बघता कळणं, तोल आणि दिशा, हे सगळं त्या शोधातून येतं. आपण करून दाखवलं की शोध संपला, उरली कवायत. कवायत वाईट नाही. पण मग तिला कल्पनेचा खेळ म्हणून पालकांना विकू नये.

पुढच्या आठवड्यात मी पुढे उभं राहणं बंद केलं. भिंतीला टेकून खाली बसले आणि नुसतं बोलायला लागले. पहिला दिवस अगदी वाईट गेला. मुलं माझ्याकडे बघत उभी. मग दोघं घसरगुंडीकडे पळाली, एकजण खिडकीच्या गजांवर चढला. मला रडू यायचं बाकी होतं. हे तुमच्याही वर्गात होणार आहे. माझ्याकडे साधारण तीन आठवडे चाललं. तेवढे दिवस पालकांना खिडकीतून बघू देऊ नका.

मावशींनी त्या दिवशी एकच सांगितलं. "ताई, तुम्ही सांगताय लई. इचारा की." बालशिक्षणावरची जी काही व्याख्यानं मी ऐकली, त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य माझ्या जास्त कामी आलं. गुरू शोधत मोठ्या शहरात जाऊ नका असं मी म्हणते ते म्हणूनच. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत वीस वर्षं काढलेली सेविका किंवा मदतनीस असेल, तिच्या शेजारी महिनाभर बसा.

तर मी विचारायला लागले. साप निघालाय कुठं? बिळाचं तोंड केवढं? वाटेत काटे आहेत, आता? तुझं झाड कशाचं? या शेवटच्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळालं तो दिवस मला लख्ख आठवतो. एकाचा नारळ झाला, हात थेट वर आणि बोटं पसरलेली. एकीचा वड, हात खाली लोंबकळत, "या पारंब्या." एक बाभूळ झाला आणि जवळ येणाऱ्याला "काटा टोचंल" म्हणून हाकलायला लागला. एक मुलगी शेवगा झाली, जरा डोलली आणि कडकन आडवी पडली. "मोडला." शेवग्याची फांदी ठिसूळ असते हे तिला माहीत होतं. मला वृक्षासन शिकवताना हे कधी सुचलं असतं?

करून न दाखवण्याला दोन अपवाद. अगदी छोट्यांना, तीनच्या आसपासच्यांना, नक्कल हाच खेळ असतो. त्यांच्यासाठी मीही करते, पण पुढे उभी राहून नाही, त्यांच्यातच बसून, आणि मध्येच सोडून देते. दुसरा अपवाद सुरक्षिततेचा. उडी मारून गुडघे वाकवून उतरायचं कसं, हे दहा वेळा करून दाखवा. तिथं कल्पना नको.

आता थोडं भराभर. एका पायावर उभं राहणं तीन वर्षांच्या मुलाला दोन-तीन सेकंद जमतं, चौथ्या वर्षी चार-पाच, पाच पूर्ण होताना दहाच्या आसपास. म्हणून छोट्या गटात 'दहा मोजेपर्यंत झाड' म्हणणं म्हणजे मुलांना पाडणं आहे. वर्ग छोट्यांचा वीस-पंचवीस मिनिटांचा, मोठ्यांचा अर्ध्या तासाचा, आणि डब्याच्या सुट्टीआधी. बारापेक्षा जास्त मुलं असतील तर दुसरं मोठं माणूस हवंच, आणि ते एरवीही खोलीत असावं. अंगाला हात लावण्याआधी विचारा, अगदी चार वर्षांच्यालाही. सतरंजी गुळगुळीत फरशीवर सरकते. त्यापेक्षा शहाबादी फरशी उघडी बरी, तिच्यावर खडूनं प्रत्येकाचं घर आखा. पायात काही नको, मोजे तर नकोच.

शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती, श्वास रोखून धरणं, यातलं काहीही या वयात नाही. 'आमच्या वर्गातली मुलं करतात' असं सांगणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कोवळी. सांधे सैल असतात म्हणून मुलं वाटेल तशी वाकतात, याचा अर्थ वाकवावीत असा नाही. एका हाताला धरून ओढून उठवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचा कोपर अशा झटक्यानं सरकतो. श्वासाचं म्हणाल तर भुंग्यासारखं गुणगुणणं आणि कापसाचा बोळा फुंकरीनं पलीकडे नेणं, एवढं पुष्कळ झालं.

शवासनाला मी 'होडी' म्हणते. पोटावर कागदाची होडी ठेवायची आणि ती लाटेवर वरखाली होते ते बघायचं. डोळे मिटायची सक्ती करायची नाही. काही मुलांना मिटल्या डोळ्यांचा अंधार नको असतो. आणि होडी बघायची तर डोळे उघडे हवेतच की.

चित्रांचे पत्ते, आसनांचे फासे, तयार गोष्टींचे संच यावर मी सुरुवातीला चार हजार घालवले. सध्या ते कपाटावर आहेत. पत्त्यावर पोज असते, आणि पोज समोर आली की पुन्हा तीच नक्कल. त्यात 'जंगल' म्हणजे सिंह आणि पेंग्विन! आमच्या मुलांनी म्हैस बघितलेली असते. म्हैस डबक्यात कशी बसते ते त्यांना विचारा आणि मग भद्रासन-बिद्रासन विसरा. आपल्याकडे डोंगर-पाणी आहे, बेडूकउड्या आहेत, चिमणी-भुर्र आहे. मंगळागौरीच्या खेळांत कोंबडा आणि गाठोडं आहे. आज्जीला विचारलं तर दोन महिन्यांचा अभ्यासक्रम निघेल. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथून आला. तो वारसा घरात असताना आपण फासे कशाला विकत घ्यायचे?

दोन दिवसांत 'बालयोग प्रशिक्षक' करणारी प्रमाणपत्रं हल्ली फार निघालीत. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्यात तीन ते आठ वयाच्या शिक्षणाला पंचकोशांची, म्हणजे शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद या पाच थरांची चौकट आहे, तेव्हापासून शाळांकडून मागणी वाढली आणि तिच्यामागून ही दुकानं आली. घ्यायचंच तर घ्या, शाळेचे लोक कागद मागतात. पण त्या दोन दिवसांत तिथं एकही खरं मूल नसेल, तर तुम्ही मोठ्या माणसांना फुलपाखरू होताना बघून परत याल.

पालकांना काय सांगावं, हे अजून मला नीट जमत नाही. 'सूर्यनमस्कार कधी शिकवणार?' हा प्रश्न येतोच. गॅदरिंगला काही बसवा, असंही येतं. स्मरणशक्ती वाढते, एकाग्रता वाढते असं सांगितलं तर प्रवेश वाढतात, मला माहीत आहे. मी सांगत नाही. मी एवढंच म्हणते की मूल तळहातांवर भार घेऊन अस्वलासारखं चालतं तेव्हा खांदा आणि मनगट तयार होतं, आणि पेन्सिल धरायला पुढे तेच लागतं. यावर काहीजण गप्प होतात, काहीजण शेजारच्या वर्गात नाव घालतात. घालू देत. स्वतःच्या वर्गाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे सात मुलं उरली होती आणि महिन्याचं भाडं निघत नव्हतं. दुसऱ्या वर्षी निघालं. धीर धरा, पण पतसंस्थेतली नोकरी माझ्यासारखी आधी सोडू नका.

एखादं मूल सतत चवड्यांवरच चालत असेल, पाचव्या वर्षीही वारंवार पडत असेल, तर 'योगानं सुधारेल' असं चुकूनही म्हणू नका. डॉक्टरांकडे पाठवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते मूल त्यांच्या नजरेस आणून द्या. आपण खेळ घेणारी माणसं आहोत.

त्या झोपलेल्या सापाचं पुढे काय झालं, असं मला विचारतात. तो नंतर बरेच दिवस काहीच होत नव्हता. दाराशी बसायचा. मी हाका मारणं सोडलं. एकदा सगळ्यांचे बेडूक झाले असताना तो तिथूनच म्हणाला, "मी तळं आहे." मग बाकीची बेडकं त्याच्याभोवती जाऊन बसली. त्याला हलायचं नव्हतंच.

आणि मी सुधारले म्हणावं, तर परवाचीच गोष्ट. भिंतीला टेकून बसले होते, नुसतं बोलत होते. "डोंगर उठतोय, उठतोय…" म्हणताना माझे हात कधी वर गेले ते कळलंच नाही. समोर बघितलं, तर अकरा मुलांचे हात वर आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.