फिट आली तर डॉक्टरला काय सांगायचं
आमच्या ऐरोलीत शेजारच्या ताईंच्या मुलाला फिट आली तेव्हा सगळे कांदा आणि चप्पल शोधत धावले, प्लीज असलं काही करू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा आणि कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण न्यूरोच्या डॉक्टरला त्याचा खूप उपयोग होतो. मान कुठल्या बाजूला वळली, डोळे उघडे होते का, नंतर किती वेळ गुंगीत होता तेही लिहून ठेवा. 5 मिनिटांवर गेली तर थेट 108.

एक फिट म्हणजे लगेच एपिलेप्सी (अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार) नाही हं. ताप, शुगर उतरणं असं तात्कालिक कारण नसताना दोनदा आली, मध्ये 24 तासांहून जास्त गॅप, किंवा एकदाच पण परत यायचा धोका बराच, तर डॉक्टर एपिलेप्सी म्हणतात. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला तरी ती असू शकते, म्हणून रिपोर्ट बघून मनानेच गोळ्या बंद करू नका.