एरर ११४ आली तर काय करावं: जुन्या फॉक्सप्रो सॉफ्टवेअरमधली बिघडलेली इंडेक्स फाइल कशी दुरुस्त करावी

पतसंस्था, कापडाची दुकानं, गृहनिर्माण सोसायट्या, खतांचे डीलर अशा कितीतरी ठिकाणी फॉक्सप्रोत, म्हणजे डेटा सांभाळायच्या एका जुन्या प्रोग्रामिंग भाषेत, लिहिलेली सॉफ्टवेअरं अजून रोज चालतात. फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली घेतली. तिच्या पुढच्या रूपाची, व्हिज्युअल फॉक्सप्रोची, शेवटची, म्हणजे नववी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने तिला आधार देणंही थांबवलं. सॉफ्टवेअर लिहून देणारा मुलगा तोवर कुठल्या कुठे निघून गेलेला असतो, पण पावत्या छापायच्या थांबत नाहीत. आणि मग ऐन मार्चअखेर पडद्यावर खोका उगवतो: इंडेक्स टेबलशी जुळत नाही, ती काढून पुन्हा तयार करा. एरर ११४.

घाबरू नका. बहुतेक वेळा तुमचा हिशेब शाबूत असतो. मी पाहिलेलं मोठं नुकसान इंडेक्स बिघडल्यामुळे झालेलं नव्हतं, ते घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत झालेलं होतं.

आधी इंडेक्स म्हणजे काय ते समजून घेऊ. जुन्या वह्या पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. रोजकीर्दीत नोंदी जशा आल्या तशा लिहिलेल्या असतात. खतावणीच्या पहिल्या पानांवर मात्र नावांची यादी असते: अमुक खातं, पान बेचाळीस. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये डीबीएफ फाइल, म्हणजे टेबल, ही रोजकीर्द आणि सीडीएक्स फाइल, म्हणजे इंडेक्स, ही नावांची यादी. यादी फाटली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. रोजकीर्द फाटली तर यादीवरून काहीच उभं करता येत नाही. त्याच नावाची तिसरी फाइल, एफपीटी, दिसली तर तिच्यात लांबलचक शेरे वगैरे असतात. ती डीबीएफइतकीच मोलाची आहे, तिला हात लावू नका.

दर वेळी एरर येईलच असं नाही, आणि न आलेली एरर जास्त वाईट. एका पतसंस्थेत पिग्मी एजंट आणि कॅशियर यांची जुंपली होती. एजंट म्हणे पैसे भरले, कॅशियर म्हणे खात्यावर दिसत नाहीत. तारखेनुसार काढलेल्या यादीत ती रक्कम होती, खाते क्रमांकानुसार काढलेल्या यादीत नव्हती. टेबल एकच, पण त्याच्या सीडीएक्समध्ये अनेक क्रम, म्हणजे टॅग, असतात आणि त्यातला खाते क्रमांकाचा टॅग तेवढा तुटला होता. दोघंही खरं बोलत होते. तेव्हापासून संशय आला की मी पहिली हीच चाचणी करतो: एकाच काळाचा रिपोर्ट दोन वेगवेगळ्या क्रमांनी काढायचा आणि बेरजा ताडून पाहायच्या. फरक आला तर आधी इंडेक्सवर संशय घ्यायचा, माणसांवर नंतर.

आता प्रत्यक्ष काम. पडद्यावर खोका आल्या आल्या मोबाइलने त्याचा फोटो काढा. एररचा क्रमांक आणि फाइलचं नाव दिसत असेल तर ते, दोन्ही हवेत. खोक्यावर कॅन्सल, इग्नोअर आणि हेल्प अशी बटणं असतात. इग्नोअर दाबायचा मोह होतो, कारण काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. पण तेव्हा प्रोग्राम ती एक ओळ ओलांडून पुढे जातो आणि पावती एका टेबलात लिहिली जाते, दुसऱ्यात नाही. कॅन्सल दाबा.

नंतर सगळ्यांना बाहेर काढा. ‘मी नुसतं उघडून ठेवलंय, काही करत नाहीये’ हेही चालत नाही. इंडेक्स नव्याने बांधायला टेबल एकट्याच्या ताब्यात लागतं, नाहीतर एरर ११० येते. डेटा ज्या मशीनवर आहे तिथे कंप्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली ओपन फाइल्स अशी यादी मिळते. मागच्या खोलीतलं कुणाच्याच लक्षात न राहिलेलं मशीन तिथे हमखास सापडतं.

मग कॉपी. फक्त बिघडलेल्या फाइलची नाही, अख्ख्या डेटा फोल्डरची, आणि तारीख घातलेल्या नव्या फोल्डरमध्ये. कालच्या बॅकअपवर ही कॉपी चढवू नका. कालचा बॅकअप थोड्या वेळाने लागणार आहे. जाता जाता डिस्कवर जागा किती उरली आहे तेही पाहा. डिस्क भरल्यामुळे इंडेक्स अर्धवट लिहिली गेली असेल, तर पुन्हा बांधतानाही तेच होणार.

आता सॉफ्टवेअरच्या मेनूत रीइंडेक्स, फाइल दुरुस्ती, डेटा मेंटेनन्स अशा नावाचा पर्याय शोधा. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो. तो चालवा, मध्ये बंद करू नका, आणि झाल्यावर वरची दोन क्रमांची चाचणी पुन्हा करा. बेरजा जुळल्या तर काम संपलं.

पण कधी कधी हा पर्याय हिरवी खूण दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच एरर परत येते. याचं कारण असं की फॉक्सप्रोची रीइंडेक्स ही आज्ञा कोणता टॅग कशावर बांधायचा ही माहिती जुन्या सीडीएक्समधूनच वाचते. ती माहितीच खराब झाली असेल तर रीइंडेक्स कितीदा चालवा, पाया तोच राहतो. अशा वेळी सीडीएक्स बदलावी लागते, आणि इथे कालचा बॅकअप उपयोगी पडतो.

हे काम कॉपी केलेल्या फोल्डरवर करा, चालू डेटावर नाही. तिथल्या बिघडलेल्या सीडीएक्सचं नाव बदलून तिच्यापुढे ‘जुनी’ लावा. बॅकअपमधून त्याच टेबलाची, बिघाडाच्या आधीची सीडीएक्स आणून ठेवा. डीबीएफ मात्र आजचीच राहू द्या. बॅकअपची डीबीएफ आणलीत तर मधल्या दिवसांच्या नोंदी गेल्या, हे शंभर वेळा मनाशी म्हणा. आता लगेच रीइंडेक्स करा. जुन्या यादीतल्या नोंदी शिळ्या असतात, पण ‘हा टॅग नावावर, तो तारखेवर’ ही कृती तिच्यात शाबूत असते आणि तेवढंच आपल्याला हवं असतं. त्या बॅकअपनंतर सॉफ्टवेअरमध्ये टेबलाची रचना बदलली असेल तर ही युक्ती चालणार नाही.

सीडीएक्स नुसती डिलीट केली तर? टेबलाच्या सुरुवातीच्या भागात ‘माझ्याबरोबर इंडेक्स आहे’ अशी एक खूण असते. फाइल न मिळाल्याने एरर १७०७ येते. फॉक्सप्रोच्या कमांड विंडोतून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, ते टेबल उघडलं आणि इथे इग्नोअर म्हटलं तर ती खूण पुसली जाते आणि टेबल उघडतं. मघाशी इग्नोअरला नाही म्हटलं होतं, हा त्याला अपवाद. पण त्यानंतर एकेक टॅग हाताने बांधावा लागतो आणि कोणता टॅग कशावर होता हे माहीत असावं लागतं. म्हणून सगळं सुरळीत असेल तेव्हाच एकदा टॅगांची यादी छापून फाइलला लावून ठेवा. फोल्डरमध्ये डीबीसी नावाची फाइल असेल तर जास्त जपा. तशा डेटाबेसात प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख, आणि टेबलांमधले संबंध टॅगांवर टेकलेले असतात, आणि टॅग काढले की तेही जातात. तिथे जाणकार माणूस बोलवावा हे बरं.

इंडेक्स बांधताना एरर १८८४ आली तर दोष इंडेक्सचा नाही. एकदाच यायला हवा तो क्रमांक दोनदा आला आहे, म्हणजे एकाच पावती क्रमांकाच्या दोन नोंदी. ऑपरेटर शपथेवर सांगेल की पावती एकच आहे, आणि पडद्यावर दिसतेही एकच. गंमत अशी की फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद लगेच जात नाही, तिला नुसती खूण होते, आणि टॅग अशा नोंदी वगळून बांधलेला नसेल तर ही खूण केलेली नोंदही मोजली जाते. पॅक ही आज्ञा अशा नोंदी कायमच्या काढून टाकते. कॉपी हाताशी असल्याशिवाय पॅक करू नका.

आणखी तीन क्रमांक ओळखून ठेवा. एरर १५ म्हणजे ही फाइल टेबल आहे असंच वाटत नाही, एरर ४१ म्हणजे एफपीटी हरवली किंवा बिघडली, आणि २०९१ म्हणजे खुद्द टेबल खराब झालं. या तिन्हींवर रीइंडेक्स हा उपाय नाही. फोल्डर बंद करून ठेवा आणि डीबीएफ दुरुस्त करता येणाऱ्या माणसाला फोन लावा. फाइलचा आकार २ जीबीच्या जवळ गेला असेल तर तेही त्याला सांगा, फॉक्सप्रोचं टेबल त्यापुढे वाढत नाही.

दर आठवड्याला रीइंडेक्स करावी लागत असेल तर कारण बाहेर आहे. पहिला संशय विजेचा. डेटाच्या मशीनला यूपीएस असतो पण नेटवर्क स्विचला नसतो, आणि लाइट गेली की काउंटरवरच्या मशीनचं लिहिणं अर्ध्यावर तुटतं. एक वायर ओढून स्विच त्याच यूपीएसवर घ्या. वायफायवरून नोंदी करणं बंद करा. अँटीव्हायरसला डेटा फोल्डर सोडून द्यायला सांगा. अलीकडे चालू डेटाच गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवलेला दिसतो. वर बॅकअप होतोय असं वाटतं, पण सिंक चालू असताना फाइल मधेच अडवली जाते. बॅकअप रात्री, सगळे बाहेर पडल्यावर घ्या. हे सगळं करूनही थांबलं नाही तर विंडोजचं नेटवर्क कॅशिंग तपासायला सांगा. ऑपॉर्च्युनिस्टिक लॉकिंग हा शब्द नेटवर्कवाल्याला कळतो. प्रत्येक मशीन आपल्याजवळची प्रत ताजी समजून बसलं की सामायिक इंडेक्सचा चोथा होतो.

एक खोटा रुग्णही पुष्कळदा येतो. जुन्या फाँटमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने, सभासदांची नावं भरलेली असतात आणि यादीत किरण, दिलीप, निर्मला, विठ्ठल एकाखाली एक येतात. लोक म्हणतात इंडेक्स बिघडली. बिघडलेली नसते. त्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि तशीच साठते. संगणकाच्या लेखी ही सगळी नावं वेलांटीने सुरू होतात, म्हणून तो त्यांना एकत्र बसवतो. इथे रीइंडेक्स कितीही वेळा करा, विठ्ठल किरणच्या शेजारून हलणार नाही.