राखेचा बुधवार: घरी काय करायचं, ताटात किती घ्यायचं

खानदेशात उपवास म्हटलं की आदल्या रात्री साबुदाणा भिजतो, आणि घोळ तिथेच होतो. राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या कॅथलिकांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस; त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. त्याचा उपवास मापाचा असतो. दिवसात एकच भरपेट जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. ती दोन्ही खाणी मिळूनही त्या एका जेवणाएवढी व्हायला नकोत. मधे काही खायचं नाही. चहा, दूध, औषध चालतं. टोपलीतलं केळं मात्र खाण्यातच धरायचं; जळगावकडे विसर पडतो तो इथेच.

मांस त्या दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी वर्ज्य. मासे, अंडी, तूप चालतात. तुकडे बाजूला काढून मटणाचा नुसता रस्सा ओरपणं ही पळवाट झाली. मांसाचा नियम १४ वर्षांपासून पुढे, उपवासाचा १८ ते ५९. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, उन्हात केळीचे घड वाहणारा मजूर यांना उपवासातून सूट आहे.

साधा बेत: सकाळी चहा नि अर्धी भाकरी, दुपारी कळण्याची भाकरी आणि भरीत, रात्री वाटीभर मुगाची खिचडी. भरतात कांद्याची पात नि शेंगदाणे सढळ पडले की चौथी भाकरी कधी संपली ते कळत नाही. म्हणून भाकऱ्या मोजूनच थापा.

२०२७ मध्ये हा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, ईस्टर २८ मार्चला. बुधवार धरून मधले दिवस ४६. रविवार वगळले की ४०.

तयारी आठवडाभर आधी करा. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीचा रविवार), क्रुसामागे खोचलेल्या झावळ्या काढून चर्चमध्ये द्या; राख त्यांचीच करतात. चर्च लांब असेल तर घरीच लोखंडी घमेल्यात थोड्याथोड्या जाळा. आधी दोन दिवस कडक ऊन द्या, कारण ओलसर झावळी नुसती धुमसते आणि काळे तुकडे उरतात. रॉकेल नको. राख गार झाली की परसात किंवा कुंडीत पुरा, केरात टाकू नका. ही राख घरीच कपाळाला लावायची नाही. तिच्यावर आशीर्वादाची प्रार्थना फादर करतात. पाण्यात कालवून गंधासारखी तर मुळीच लावू नका: पाल्याच्या राखेत क्षार असतो, ओली झाली की कातडी भाजते.

घरातल्या वेदीवर जांभळं कापड, क्रूस, एक मेणबत्ती. फुलं काढून ठेवा. संध्याकाळच्या प्रार्थनेत आलेलुया हा स्तुतीचा घोष ईस्टरपर्यंत नाही. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांवरच्या प्रार्थनेची, १४ स्थानं घरीही करता येतात. लहान मुलं असतील तर एका दिवशी तीन-चारच घ्या, नाहीतर सातव्याला पेंगतात. दानासाठी डबा जेवायच्या जागेजवळच ठेवा, वाचलेल्या मटणाचे पैसे त्याच दिवशी त्यात टाका. महिनाअखेरीला हिशेब करू म्हटलं की ते खर्चून जातात.

शेजारून साबुदाण्याची खिचडी आली तर परत पाठवू नका. वाटीभर घ्या, आणि त्या रात्री मुगाची खिचडी करू नका.