किमची घरी करायची तर आधी मीठ शिका

किमची, म्हणजे मिठात आंबवलेला कोरियन कोबी, करायची ठरवली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: गोचुगारू, म्हणजे ती कोरियन मिरचीपूड, कुठे मिळेल? माझं उत्तरही ठरलेलं आहे. मिरचीचं नंतर बघू, घरात खडे मीठ आहे का ते सांगा.

चेष्टेनं म्हणत नाही. मिरची कोरियात पोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या आसपास. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांनी आणली त्याच शतकात. १६१४ साली यी सु-ग्वांग या विद्वानानं आपल्या ज्ञानकोशवजा ग्रंथात तिची नोंद केली, ती जपानकडून आलेली वस्तू म्हणून. पुढे १६७०च्या सुमारास चांग ग्ये-ह्यांग यांनी घरातल्या लेकीसुनांसाठी हंगुल या कोरियन लिपीत 'उमशिक दिमिबांग' हा पाककृतींचा ग्रंथ लिहिला. हवं तर नक्कल करून न्या, पण मूळ वही घराबाहेर नेऊ नका, असंही त्यांनी शेवटी बजावलं आहे. त्या ग्रंथात मिरची नाही. मिरची घातलेली किमची १७६६च्या एका ग्रंथात सापडते. आणि आज आपण फोटोत बघतो तो लालभडक, अख्ख्या कोबीचा प्रकार तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, कारण घट्ट गड्ड्याचा कोबीच तिकडे उशिरा आला. मिरचीवाचून किमची शेकडो वर्षं होत होती, आजही 'बेक किमची' नावाची पांढरी किमची होतेच. मिठावाचून मात्र ती कधीच झाली नाही.

तेव्हा या लेखात निम्मी जागा मिठाला. बाकीचं कुणालाही जमेल.

कोबी

मोठ्या शहरांतल्या मंडईत किंवा सुपरमार्केटात 'चायनीज कॅबेज' म्हणून मिळतो तो लांबट, फिकट पानांचा कोबी घ्या. दोन किलो. थंडीत चांगला मिळतो, मे महिन्यात मिळाला तरी घेऊ नका. आपला नेहमीचा गोल कोबी चालतो, पण पान मेणचट आणि चिवट असतं, त्यामुळे चौकोनी तुकडे करूनच घालावा लागतो. चव बरी येते, पोत वेगळा.

गड्डा सुरीनं आरपार कापू नका. बुडाशी चार बोटं चीर द्या आणि पुढे हातानं फाडा. नाहीतर आतल्या कोवळ्या पानांचा चुरा होतो. मग प्रत्येक अर्ध्याला पुन्हा बुडाशी चीर देऊन ठेवा.

मीठ

मलाही बराच काळ नडत होती ती हीच पायरी, आणि नव्यानं करणाऱ्या दहापैकी नऊ जणांची किमची इथेच बिघडते. दोष मात्र मिरचीला दिला जातो.

आधी मिठाचं काम समजून घ्या. मीठ कोबीतलं पाणी ओढून काढतं. पान लवचीक होतं, मसाला धरून ठेवतं. शिवाय कुजवणारे जिवाणू मिठात तग धरत नाहीत, दुधाचं दही करणाऱ्यांच्या जातकुळीतले मात्र धरतात. किमचीत सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू कामाला लागतात, जिभेला होणारी ती हलकी चुणचुण त्यांच्या वायूमुळे. नंतर लॅक्टोबॅसिलसच्या जाती आंबटपणा वाढवतात. मीठ कमी पडलं की कोबी बरणीत गेल्यावर पाणी सोडतो, मसाला धुऊन निघतो आणि चार दिवसांत पान लिबलिबीत होतं. जास्त झालं की आंबवण अडून बसतं, आणि नुसता खारट कोबी हाती येतो. किमचीचा आंतरराष्ट्रीय खाद्यमानक २००१ साली ठरला, त्यात मिठाला १ ते ४ टक्के इतकी मोकळीक आहे. घरी सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या आसपास राहा.

मीठ खडेच हवं. कोरियात नैऋत्य किनाऱ्यावरच्या शिनान भागातलं समुद्री मीठ वापरतात, आणि ते वापरण्याआधी साठवून, त्यातलं कडू पाणी गळू देतात. आपल्याला त्या मिठाची पार्सलं मागवायची काहीही गरज नाही. उरण, पेणच्या मिठागरांतलं खडे मीठ उत्तम चालतं, फक्त ते ओलसर असेल तर दोन-तीन दिवस फडक्यात टांगून ठेवा. पिशवीतल्या बारीक मिठातलं आयोडीन किमची नासवतं, असं लोक सांगतात. तसं काही होत नाही. बारीक मिठाची खरी अडचण मापाची आहे. एक चमचा बारीक मीठ वजनाला चमचाभर खड्यांपेक्षा बरंच जास्त भरतं. 'एक वाटी मीठ' असं लिहिलेली पाककृती दिसली की ती मिटून टाका. काटा वापरा.

दोन किलो कोबीला २०० ग्रॅम मीठ. यातलं १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा. कोबीचे अर्धे भाग त्यात बुडवून काढा, पान न् पान भिजलं पाहिजे. उरलेलं १०० ग्रॅम हातात घेऊन पानांच्या मधे भुरभुरा, पण फक्त बुडाकडच्या जाड पांढऱ्या भागावर. हिरव्या टोकाला मीठ चोळायचं नाही, ते बुडवण्यातच पुरेसं खारावतं. पांढरा देठ आणि हिरवं पान एकाच वेळी तयार व्हावं एवढ्यासाठी ही दोन हातांची पद्धत आहे. मग कापलेली बाजू वर करून मोठ्या पातेल्यात रचा आणि उरलेलं मिठाचं पाणी वरून ओता. तासातासानं खालचे वर, वरचे खाली करा.

आता किती वेळ? इथेच सगळी घाण होते. कोरियन व्हिडिओत बाई सांगतात 'रात्रभर ठेवा', आपल्याकडे तेच जसंच्या तसं छापलं जातं. त्या बाई नोव्हेंबरच्या अखेरीस, थंडगार अंगणात काम करत असतात. पुण्यात एप्रिलमध्ये कोबी रात्रभर मिठात ठेवलात तर सकाळी चिंधी हातात येईल. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार तासांत काम होतं, नाशकातल्या डिसेंबरात पाच-सहा लागतात. पण घड्याळ बघूच नका. सर्वांत जाड, मधला पांढरा देठ घ्या आणि वाकवा. कट्‌ असा आवाज येऊन मोडला तर अजून वेळ आहे. न मोडता घडी पडली, सोडल्यावर हळूच उलगडला, की झालं. घडी पडून तशीच मिटून राहिली तर उशीर झाला.

दुसऱ्या टोकाचा सल्लाही तितकाच वाईट: 'मीठ लावून दहा मिनिटांत घट्ट पिळून घ्या.' ती कोशिंबिरीची रीत. पिळलेल्या कोबीचं अंग चेचलं जातं आणि पुढे तो कुरकुरीत राहतच नाही. पिळायचं नाही, कधीच नाही.

तयार कोबी स्वच्छ पाण्यात तीनदा धुवा. बुडाशी मिठाचे खडे अडकून बसतात, तिथे बोट घालून धुवा. मग रोवळीत किंवा मोठ्या चाळणीत कापलेली बाजू खाली करून दोन तास निथळत ठेवा. दोन किलोचा दीड-पावणेदोन किलो उरेल. आता मधल्या देठाचा तुकडा चाखा. कोशिंबिरीपेक्षा जरा खारट, लोणच्यापेक्षा खूपच कमी. खारट लागला तर साध्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून पुन्हा निथळा. अळणी लागला तर घाबरू नका, मसाल्यात भर घालता येते. हा तुकडा न चाखता पुढे जाणाऱ्याला मी काही मदत करू शकत नाही.

मसाला

दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ कपभर पाण्यात शिजवून पेज करा, गार होऊ द्या. त्यात ८० ग्रॅम गोचुगारू, ४० ग्रॅम लसूण, लहान तुकडा आलं, एक कांदा आणि अर्धं सफरचंद वाटून घाला. वर ३०० ग्रॅम मुळ्याच्या काड्या आणि चार-पाच कांद्याच्या पाती.

गोचुगारू नसेल तर ब्याडगी मिरच्या घ्या, बिया पूर्ण काढा आणि जाडसर भरड काढा. घरचं बारीक लाल तिखट घालू नका, चिखल होतो आणि तोंडही भाजतं. मसाला कालवताना हातमोजे.

खारी चव येते ती फिश सॉस आणि 'सेऊजत' यांतून. सेऊजत म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोलंबी. ती आपल्याकडे सहजी मिळत नाही. मी जवळा मंद भाजून त्याची चमचाभर पूड घालतो, आणि फिश सॉस चार मोठे चमचे. कोकणातल्या माणसाला हा वास परका वाटायचं कारण नाही.

शाकाहारी लोकांनी 'कोबी आणि सोया सॉस' एवढ्यावर समाधान मानू नये. कोरियातल्या बौद्ध मठांची स्वतःची किमची आहे, आणि ती निव्वळ शाकाहारी असते. तिच्यात लसूण, कांद्याची पात यांसह पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात. त्या पाचांतला एक हिंग आहे, जे ऐकून आमच्या घरी चांगलीच गंमत झाली. जैन वाचकांना हा आधार पुरेसा व्हावा, मात्र मुळा, आलं, अळंबी गाळा. सुक्या शिताके अळंबी आणि कोम्बू या समुद्री शेवाळाचं पाणी पेजेसाठी वापरा, सोया सॉस तीन चमचे, आणि मीठ चवीनं.

व्हिनेगर घालू नका. आंबटपणा जिवाणूंनी आणायचा आहे. व्हिनेगर घातलेलं सॅलड मजेत खा, त्याला किमची म्हणू नका.

भरणं

मसाला प्रत्येक पानाला आतून लावा, बुडाकडे जास्त. शेवटच्या मोठ्या पानानं गाठोडं बांधल्यासारखं गुंडाळा आणि बरणीत दाबून बसवा, हवा राहता कामा नये. वरचा पाव भाग रिकामा ठेवा, बरणी परातीत ठेवा, कारण रस उतू जातोच.

कोरियात यासाठी 'ओंगी' हे मातीचं भांडं असतं, राखेची झिलई दिलेलं, हवा जराशी आत-बाहेर होऊ देणारं. हिवाळ्यात ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, म्हणजे आतला गारवा कायम राहायचा. शहरांतल्या फ्लॅटमध्ये पुरायला जमीन नाही, तेव्हा १९९५ पासून तिकडे खास किमचीचे फ्रिज बाजारात गाजू लागले. हे वाचून कुणी पाण्याचा माठ वापरायला निघेल, म्हणून सांगतो: झिरपतं, आणि वास जन्मात जात नाही. आपली चिनी मातीची लोणच्याची बरणी सर्वांत चांगली. काचेची घेतलीत तर झाकण गच्च लावू नका. तांब्या-पितळेचं काही नको.

मुरवणं

बाहेर ठेवण्याचा काळ हवेप्रमाणे. मुंबईच्या उकाड्यात रात्रीत बुडबुडे दिसतात, तेव्हा सकाळी फ्रिजमध्ये. थंडीत दीड-दोन दिवस. रोज स्वच्छ चमच्यानं दाबून रसाखाली बसवा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक सूचना, जी मला कुठल्याच मराठी पाककृतीत दिसली नाही. कोरियात उत्तरेकडची किमची सौम्य आणि पाणीदार असते, कारण तिथे थंडी राखण करते. दक्षिणेकडच्या जॉल्ला प्रांतात हिवाळा उबदार, म्हणून मीठ, मुरवलेली मासळी आणि मिरची, तिन्ही सढळ. रत्नागिरीत किंवा पणजीत बसून सोलची पाककृती गिरवण्यापेक्षा जॉल्लाची शोधा. मसाल्यात चमचाभर मीठ जास्त घाला.

आणि एकट्यानं करू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे 'किमजांग' असतो, हिवाळ्याभराची किमची घरोघरी एकत्र बसून करण्याचा सोहळा. आज तुमच्या अंगणात, उद्या माझ्या, थेट आपली सावड. २०१३ साली दक्षिण कोरियाचा किमजांग आणि २०१५ साली उत्तर कोरियाची किमचीची परंपरा, दोन्ही युनेस्कोच्या वारसायादीत गेल्या. संध्याकाळी उकडलेल्या डुकराच्या मांसाबरोबर त्या दिवशीची ताजी, न मुरलेली किमची खायची असते. आपण वरणभाताबरोबर खातो. बिघडत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी चव बसते, पंधरवड्यानं चांगली आंबते. वर पांढरा, सपाट पापुद्रा आला तर तो यीस्टचा असतो, काढून टाका आणि खालचं शिजवून वापरा. हिरवी, काळी, लोकरीसारखी बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका, हळहळू नका. महिन्यानंतर अतिआंबट झालेली किमची पानात वाढू नये, तिची आमटीसारखी 'जिगे' करा: तेलात परतून, पाणी आणि टोफू घालून वीस मिनिटं उकळा. बरणीतला लाल रसही त्यातच ओता, साखरेची चिमूट लागेल.